दुसऱ्या फेरीचे मोल

भाच्याने पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, हे पैसे डिझाइनचे आहेत." पावतीवरचा आकडा सहाशे डॉलरांच्या वर होता. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच या गोल्फच्या मैदानावर एकदा, अठरा होल, साधारण पाच तास खेळण्याचा हा दर. गोल्फवाल्यांच्या भाषेत ग्रीन फी. कॅडी घेतला तर त्याचे वेगळे. बऱ्याच आधी जागा पक्की करायची तर रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहावे लागते, त्या खर्चाचे तर बोलायलाच नको. भाच्याने मुक्काम टाळला, आदल्या दिवशी फोन करून अनोळखी तिघांच्या चमूत एकट्यापुरती जागा मिळवली आणि वर्षभर बाजूला टाकलेले पैसे एका दुपारी खर्च करून टाकले. मी अठराव्या होलच्या मागच्या हिरवळीवर बसून त्याची वाट पाहत होते. समोर समुद्र होता. तो पाहण्याचे मला काही पडले नाही.

त्याने पैसे खर्च केले याबद्दल माझी तक्रार नाही. कमावत्या माणसाने आपल्या आवडीसाठी काय मोजावे हे सांगणारी मी कोण? मला अडवले ते त्याच्या वाक्यातल्या कारणाने. आयुष्याची तीस वर्षे वर्गात उभे राहून घाट, रचना, रूपबंध या शब्दांची फोड करण्यात गेली. त्यामुळे कुणी रचनेचा हवाला देऊन किमतीचे समर्थन करू लागला की कान टवकारले जातात. अमुक कादंबरीची किंमत दोन हजार रुपये आहे, कारण तिचा घाट फार उत्तम आहे, असे एखादा प्रकाशक म्हणाला तर आपण हसू. उत्तम कादंबरी आणि टाकाऊ कादंबरी सारख्याच पानांची असली तर दुकानात सारख्याच किमतीला मिळतात. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातले आश्चर्यही आपल्याला जाणवत नाही. मग गोल्फच्या मैदानाबाबतच हा युक्तिवाद इतक्या सहजपणे का खपतो?

गोल्फच्या मैदानाला रचना असते का, या शंकेला मात्र फार जागा नाही. ती असते, आणि चांगली रचना ही गंभीरपणे विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मर्ढेकरांनी सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे जमिनीच्या चढउतारांना लावून पाहण्याचा मोह मला झाला होता, तो आवरते. त्याऐवजी एकच होल नीट पाहू.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक नावाचे गाव आहे. तिथल्या मैदानाच्या पंधराव्या होलला रेडॅन म्हणतात. क्रिमियाच्या युद्धातल्या एका रशियन तटबंदीवरून हे नाव पडले. अंतर फार नाही, एका फटक्यात ग्रीनवर, म्हणजे जिथे भोक असते त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचावे अशी अपेक्षा. पण ही ग्रीन खेळाडूकडे सरळ तोंड करून बसलेली नाही. ती पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरकी पसरली आहे आणि तिचा उतारही तिकडेच, खेळाडूपासून दूर जाणारा. डाव्या अंगाला, अगदी पुढ्यात, खोल बंकर. सरळ झेंड्याच्या रोखाने मारलेला चेंडू बंकर ओलांडून गेला पाहिजे आणि पलीकडे पडल्यावर उतारावर थांबलाही पाहिजे. दोन्ही एकदम साधणे दुरापास्त. जाणता खेळाडू म्हणून झेंड्याकडे रोख धरतच नाही. तो उजवीकडच्या उंचवट्यावर चेंडू टाकतो आणि पुढचे काम जमिनीवर सोपवतो. चेंडू घरंगळत, वळत, सावकाश झेंड्याकडे जातो. ज्याच्या दंडात जोर नाही अशा वृद्धालाही हा मार्ग मोकळा असतो. फक्त तो दिसला पाहिजे.

उत्तम रचना म्हणतात ती ही. प्रत्यक्ष अर्थ एकीकडे, खरा अर्थ तिरकस वाटेने गेल्यावर. वक्रोक्ती शिकवताना मला हे उदाहरण ठाऊक असते तर बरे झाले असते.

आता गंमत पाहा. चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड नावाचा एक अमेरिकन गृहस्थ तरुणपणी शिकायला स्कॉटलंडात होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर 'नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका' हे मैदान घडवायला घेतले, तेव्हा त्याने ब्रिटनमधले सर्वोत्तम होल निवडून त्यांची तत्त्वे तिथे उतरवली. त्यात रेडॅन होताच. सेथ रेनर हा मूळचा भूमापक, गोल्फशी संबंध नसलेला माणूस, मॅक्डॉनल्डच्या हाताखाली ही तत्त्वे शिकला आणि पुढे त्याने ती ठिकठिकाणी रुजवली. आज अमेरिकेत रेडॅनची रूपांतरे पुष्कळ आहेत. काही अतिश्रीमंत खाजगी क्लबांत, काही साध्या मैदानांवर. कुणी नॉर्थ बेरिकला स्वामित्वधन धाडत नाही.

याचा अर्थ असा की गोल्फमध्ये रचना ही नेमकी नेता येण्याजोगी गोष्ट आहे. तिचे भाषांतर होते, अनुकरण होते, विडंबनही होते. नेता येत नाही तो समुद्र. नेता येत नाही ते नाव, आणि दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे पाहिलेल्या स्पर्धांची आठवण. पुस्तकाला मागणी वाढली की दुसरी आवृत्ती निघते आणि प्रत स्वस्त होण्याची शक्यता निर्माण होते. मैदानाची दुसरी आवृत्ती निघत नाही. दर दहा मिनिटांनी चौघे सोडले तरी दिवसाच्या उजेडात जेमतेम दीड-दोनशे माणसे आत जाणार. दर ठरतो तो या चिंचोळ्या दारात. जी गोष्ट दुर्मीळ आहे तिचे पैसे घेतले जातात, आणि रचना ही त्या व्यवहारातली सर्वांत कमी दुर्मीळ गोष्ट आहे.

पेबल बीचचाच इतिहास घ्या. हे मैदान १९१९ मध्ये खुले झाले. आखणी जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोघा हौशी खेळाडूंची; त्यांपैकी नेव्हिल तर जमीनविक्रीच्या धंद्यातला. या सगळ्यामागे सॅम्युएल मोर्स हा उद्योजक होता, तारयंत्रवाल्या मोर्सचा नावबंधू आणि दूरचा नातलग. किनाऱ्यावर बंगल्यांसाठी प्लॉट पाडून ते विकावेत असा मूळ बेत होता. मोर्सने तो फिरवला: किनारा मैदानासाठी मोकळा ठेवायचा आणि त्या मैदानाच्या जोरावर आतली जमीन व हॉटेल चालवायचे. विकले गेलेले किनाऱ्यावरचे तुकडे शक्य तेवढे परत घेण्यात आले. एका मालकाने मात्र दाद दिली नाही. परिणामी पाचवा होल समुद्राकडे पाठ फिरवून झाडीतून चढणीवर जाऊ लागला आणि जवळजवळ ऐंशी वर्षे तसाच जात राहिला. जॅक निकलाउसने १९७२ ची अमेरिकन खुली स्पर्धा इथे जिंकली ती या आडमुठ्या होलसकट. पुढे ती जमीन मिळाली आणि १९९८ मध्ये त्याच निकलाउसने आखलेला नवा पाचवा होल कड्यावर उभा राहिला. मधल्या काळात हर्बर्ट फाउलरने अठराव्याची लांबी वाढवली, अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीने आठव्या आणि तेराव्या ग्रीनला हात लावला, चँडलर ईगनने १९२८ मध्ये एकंदर मैदानाचीच डागडुजी केली. म्हणजे ही एकहाती संहिता नव्हे. पाठभेदांनी भरलेली पोथी आहे. त्यात वाईट म्हणता येईल असा एक अध्याय आठ दशके होता, आणि त्याने मैदानाच्या कीर्तीत वा दरात काही उणे आले नाही.

नेव्हिलचे श्रेय मात्र द्यायला हवे. समुद्र कुणी आखला नाही, पण समुद्राकडे केव्हा जायचे हे कुणीतरी ठरवले. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट त्याने पाडली. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत खेळाडू कड्याकड्याने जातो. मग अकराव्याला मैदान त्याला आत नेते आणि बराच वेळ समुद्र नुसता ऐकू येतो. सतरावा आणि अठरावा पुन्हा पाण्याशी. चांगला कादंबरीकार पात्राला मध्येच गायब करतो तसे हे आहे. सातवा होल अवघा शंभर यार्डांहून किंचित जास्त, टेकाडावरून खाली, तिन्ही बाजूंना लाटा. वारा नसेल तर पोरखेळ, वारा सुटला की भल्याभल्यांचे हात थरथरतात. हे सारे खरे आहे आणि मला ते मनापासून आवडले. तरीही भाच्याचे वाक्य त्यामुळे खरे ठरत नाही. कारण रचनेचा उपभोग घ्यायला जी गोष्ट लागते, नेमकी तीच या व्यवहारात त्याला मिळाली नव्हती.

ती म्हणजे दुसरे वाचन.

बॉबी जोन्सची गोष्ट गोल्फवाल्यांना पाठ असते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती एकदा ऐकावी. १९२१ साली हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन मुलगा सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ब्रिटिश खुल्या स्पर्धेत उतरला. तिसऱ्या फेरीत त्याची दैना झाली, अकराव्या होलवर बंकरात अडकला आणि त्याने चेंडू उचलून स्पर्धा सोडली. मैदान त्याला अर्थशून्य वाटले. दोष त्याचा नव्हता. ओल्ड कोर्स पहिल्या भेटीत तसाच दिसतो. सपाट, करडा, विस्कटलेला. एकशे बारा बंकर, त्यांतले कित्येक खेळाडू उभा असतो तिथून दिसतच नाहीत. अठरा होलना चौदाही ग्रीन नाहीत. सात प्रचंड ग्रीन प्रत्येकी दोन होलना मिळून वाटून दिलेल्या, चार होलना तेवढ्या स्वतंत्र. कुणी आखले हे सांगता येत नाही. वारा, मेंढ्या, ससे आणि खेळणाऱ्यांचे पाय यांनी ते घडवले, पुढे माणसांनी थोडे सावरले. जोन्स परत आला. १९२७ मध्ये त्याने तिथेच खुली स्पर्धा जिंकली, १९३० मध्ये हौशी खेळाडूंची. एव्हाना हे त्याचे सर्वांत आवडते मैदान झाले होते. १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. तोवर आजाराने त्याचे खेळणे कायमचे सुटले होते.

तो १९२१ मध्येच थांबला असता तर? एकदा येऊन, एकदा पैसे भरून, एकदा खेळून परत गेला असता तर 'टाकाऊ मैदान' एवढेच त्याचे मत उरले असते. रिसॉर्टचा पाहुणा बहुधा इथेच थांबतो. झेंडा कुठे आहे हे पाहून कोणत्या बाजूने यावे, वारा फिरला की कोणता बंकर जागा होतो, कालचा शहाणपणा आज का चुकला, हे सगळे तिसऱ्या, दहाव्या, पन्नासाव्या फेरीचे ज्ञान आहे. सहाशे डॉलर देणाऱ्याला पन्नासावी फेरी नसते. म्हणून त्याच्या शेजारून पिशवी वाहत चालणाऱ्या कॅडीला त्या मैदानाचा खरा वाचक म्हणावे लागेल. तो रोज तेच पान उलटतो, आणि त्यासाठी त्यालाच पैसे मिळतात.

एकदाच येणाऱ्या वाचकासाठी लिहायचे ठरले की लेखनाचे काय होते हे आपण मराठीत पुरेसे पाहिले आहे. पहिल्या पानावर स्फोट हवा, प्रकरणाच्या शेवटी धक्का हवा, मुखपृष्ठ दुरून उठून दिसले पाहिजे. रिसॉर्टच्या मैदानांनाही याच दाबाखाली वळण लागते. छायाचित्रात शोभेल असा एक होल, पाण्याने वेढलेली ग्रीन, धबधबा. लास व्हेगासजवळचे शॅडो क्रीक हे याचे टोक. सपाट वाळवंटात १९८९ च्या सुमारास टॉम फॅझिओने कॅसिनोमालक स्टीव्ह विनसाठी टेकड्या उभारल्या, ओढे सोडले, हजारो झाडे आणून लावली. कौशल्य अफाट आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आता तिथली फी हजार डॉलरांच्या पुढे गेली आहे. पण पाहुणा ज्याचे पैसे देतो ते आहे वाळवंटातले पाणी, आणि आपल्यासारखे आणखी फार कुणी आत नाही ही खात्री.

नियतकालिकांच्या याद्यांनी यात भर घातली. 'गोल्फ डायजेस्ट'ने १९६६ मध्ये अमेरिकेतल्या मैदानांची पहिली यादी काढली तेव्हा तिचा निकष काय होता? सर्वांत कठीण दोनशे मैदाने. उत्तम नव्हे, कठीण. पुढे शब्द बदलला, पण क्रमांकाची चटक राहिली. आणि एकदा क्रमांक लागला की दरपत्रकाला आधार मिळतो. पुरस्काराचे वलय छापलेली वेष्टने आपल्याकडेही पुस्तकांवर चढतात. निदान तिथे पुस्तकाची किंमत दसपट होत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे: मैदान ही छापील वस्तू नाही, तो प्रयोग आहे. नाटकाला रोज नट लागतात, तसे मैदानाला रोज माळी लागतात. गवत, पाणी, वाळू, यंत्रे, माणसे यांचा खर्च कुणी द्यायचा? रचना जितकी नाजूक तितकी देखभाल महाग, तेव्हा फी ही आडवळणाने रचनेचीच किंमत झाली. या युक्तिवादाला उत्तर कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट रिसॉर्टने दिले आहे, बहुधा तसा हेतू नसताना. तिथले दुसऱ्या क्रमांकाचे मैदान डोनल्ड रॉसने १९०७ मध्ये आखले आणि पुढे जन्मभर त्यावर काम केले. नंतरच्या पिढ्यांनी ते हिरवेगार, गुळगुळीत, एकसुरी करून टाकले. २०१० मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने ते मूळ रूपात आणायला घेतले. त्यांनी सुमारे पस्तीस एकरांवरचे गवत काढले, पाण्याच्या तुषारनळ्या निम्म्याहून खाली आणल्या, मूळची वाळू आणि रानगवत परत येऊ दिले. रचना उजळली, पाणी वाचले. २०१४ मध्ये पुरुषांची आणि स्त्रियांची अमेरिकन खुली स्पर्धा तिथे लागोपाठच्या आठवड्यांत झाली. रचना सुधारली आणि पाण्याची गरज घटली, अशी दोन्ही एकदम घडण्याची दुर्मीळ घटना. फी खाली आली का? छे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. दर कमी करा अशी मागणी मी करत नाही. ज्याचे मैदान त्याने काय मागावे आणि ज्याचे पैसे त्याने काय द्यावे हे त्यांचे त्यांनी पाहावे. पण त्या व्यवहारात रचनेला साक्षीला उभे करू नये. दर हा दर आहे, ती समीक्षा नव्हे. आणि एकदा का आपण किमतीला समीक्षा समजू लागलो की जे स्वस्त आहे ते वाचायचे राहून जाते. साहित्याच्या माणसांना तरी ही भीती परकी वाटू नये.

रचनेचीच किंमत घेतो असा दावा कुणी करायचा तर त्याने दुसऱ्या फेरीचा दर सांगावा. या कसोटीवर निदान अर्धे गुण मिळवणारे एक रिसॉर्ट आहे. ओरेगनच्या किनाऱ्यावर, विमानतळापासून दूर, आडरानात माइक कायझरने १९९९ मध्ये बँडन ड्यून्स सुरू केले. त्याचा मूळ धंदा शुभेच्छापत्रांचा. पहिले मैदान त्याने डेव्हिड मॅकले किड या तेव्हा अप्रसिद्ध असलेल्या स्कॉटिश तरुणाला दिले. दोन वर्षांनी टॉम डोकने दुसरे आखले. त्यानंतर आणखीही झाली, त्यांतले एक वर उल्लेखिलेल्या मॅक्डॉनल्डच्या नावाने. सगळ्यांनी पायीच खेळायचे, फिरायला बग्गी नाही. आणि त्याच दिवशी दुसरी फेरी खेळलात तर ती अर्ध्या दरात. हा नियम मला फार बोलका वाटतो. पुन्हा वाचा, असे सांगणारा प्रकाशक! हेही खरे की तिथवर पोचणे, राहणे, पहिल्या फेरीची फी, सगळे मिळून सामान्य माणसाच्या खिशाला न परवडणारेच आहे. पण पैसे कशाचे घेतले जात आहेत याबद्दल तिथे थोडा प्रामाणिकपणा आहे.

ओल्ड कोर्सवर परक्या पाहुण्याला भर हंगामात एका फेरीचे तीनशे पौंडांहून अधिक पडतात. तोही दर जबरच. पण तिथे व्यवहाराला दुसरी बाजू आहे. १५५२ च्या सनदेने गावकऱ्यांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने जमीन हातची घालवली, तिथे सशांची पैदास सुरू झाली, ससेवाले आणि गोल्फवाले यांच्यात अनेक वर्षे कज्जे चालले. शेवटी १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती नगराकडे परत आली. आज गावकऱ्याला वर्षभराचा परवाना मिळतो आणि त्याला पडणारे पैसे परक्याच्या एक-दोन फेऱ्यांइतके असतात. म्हणजे पाहुणा एका वाचनाचे देतो त्यात गावकऱ्याची वर्षभराची पारायणे होतात. रविवारी, काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, खेळच बंद. त्या दिवशी लोक कुत्री घेऊन अठराव्या होलवरून फिरतात.

मॅकेन्झीचा उल्लेख वर ओझरता झाला; तो पुरेसा नाही. हा यॉर्कशरचा डॉक्टर बोअर युद्धात शस्त्रवैद्य होता. बोअर सैनिक जमिनीच्या घड्यांत कसे दिसेनासे होतात ते त्याने तिथे पाहिले आणि पुढे मैदाने आखताना ती विद्या वापरली. ओल्ड कोर्सचा अजूनही वापरात असलेला नकाशा त्याने १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. जोन्सबरोबर त्याने ऑगस्टा नॅशनल आखले. पण मंदीच्या त्या दिवसांत ठरलेल्या मानधनाचा थोडाच भाग त्याच्या हाती पडला, आणि जानेवारी १९३४ मध्ये, तिथली पहिली स्पर्धा होण्याआधी दोन-अडीच महिने, तो ओढग्रस्तीतच वारला. पेबल बीचच्या शेजारी त्याचे सायप्रस पॉइंट आहे. ते खाजगी, तिथे ग्रीन फीचा प्रश्नच येत नाही, सदस्याचे बोलावणे लागते. आणि तिथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका गावात, त्याचेच शार्प पार्क आहे. १९३२ मध्ये खुले झालेले, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचे, कुणालाही खुले. समुद्राने मूळच्या काही होलची वाट लावली, मग बांध घातला गेला. मधल्या तळ्यात दुर्मीळ बेडूक आणि साप आहेत; त्यांच्यापायी मैदान बंद करावे की ठेवावे यावर वर्षानुवर्षे खटले चालले. गवत जागोजागी उडालेले आहे. तरी मॅकेन्झीचा हात काही ग्रीनपाशी आल्यावर ओळखू येतो.

पेबल बीचनंतरच्या शनिवारी मी भाच्याला तिथे घेऊन गेले. नाखुशीनेच आला. फी पडली ती आधीच्या पावतीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. त्याच्याबरोबर दोन निवृत्त गृहस्थ होते, एक फिलिपिनो, एक चिनी; दोघे आठवड्यातून तीनदा येणारे. एका ग्रीनवर भाच्याने झेंड्याचा रोख धरला, तेव्हा त्यांतला एक काही न बोलता नुसता हाताने उजवीकडे दाखवत राहिला. भाच्याने ऐकले नाही. चेंडू पलीकडे गेला. सगळे आटोपल्यावर उन्हे अजून बरीच होती. मला वाटले, आता घरी जाऊ. तो खिडकीपाशी जाऊन संध्याकाळच्या सवलतीचा दर विचारत होता. पैसे भरून तो एकटाच पुन्हा पहिल्या होलकडे चालू लागला, आणि परत आला तेव्हा दिवे लागले होते.